बिघडलेलं मॉडेल मासिक बैठकीला न्यावं का? आणि लोकलमधून कसं?

फडके रोडवाला

नमस्कार मंडळी. वय ५२, राहणार डोंबिवली पूर्व. प्लास्टिकची विमानं-जहाजं जोडायच्या, म्हणजे मॉडेलच्या छंदात नवीन आहे, म्हणजे शाळेत असताना मामाने एक किट आणून दिला होता तेवढाच अनुभव. तो किट मी एका दुपारी चिकटवला आणि संध्याकाळी गॅलरीतून उडवला. पुढचं सांगायला नको.

मागच्या दिवाळीनंतर गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सहा आठवडे घरी. टीव्ही बघून डोकं उठलं तेव्हा मुलीने ऑनलाइन किट मागवून दिला. सी हॉक, नौदलाचं जुनं जेट विमान, १/७२ म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढं. सी हॉकच का, तर बाबा नौदलात होते, १९७१ साली विक्रांतवर. म्हटलं त्यांच्या वाढदिवसाला देऊ. वाढदिवस फेब्रुवारीत होता. आता जुलै लागलाय.

तीन गोष्टी बिघडल्या आहेत. कॉकपिटवरची काच मी फेविक्विकने चिकटवली. दुसऱ्या दिवशी ती आतून पांढरी झालेली, थंडीत घाटातल्या एसटीची काच होते तशी. पंखांवरच्या तिरंगी चक्रांभोवती एक चकाकती कडा दिसते, वर सेलोटेप मारल्यासारखी. आणि विमान पुढच्या चाकावर टेकतच नाही, शेपटीवर बसतं. नाकात वजन भरायचं होतं. ते सूचनापत्रकात चित्रासकट दिलेलं होतं, पण मी वाचलं तेव्हा दोन्ही अर्धी चिकटून घट्ट झाली होती. बाबांनी पाहिलं आणि विचारलं, "उडायला निघालंय की दमून बसलंय?" पुढे काही बोलले नाहीत.

दादरला दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी मॉडेलवाल्यांची बैठक भरते असं इथेच, या फोरमवर वाचलं. तिथले फोटो पाहिले आणि पोटात गोळा आला. तर प्रश्न असा: असलं ध्यान घेऊन जायचं, की काहीतरी बरं जमेपर्यंत नुसतं हात हलवत जाऊन बघायचं? आणि न्यायचं ठरलंच तर लोकलमध्ये कसं न्यायचं? बायको म्हणाली डब्यातून ने. कुठल्या डब्यातून ते सांगितलं नाही.

चौथी सीट

आधी दुसरा प्रश्न, कारण पहिल्याचं उत्तर "न्या" एवढंच आहे.

बेकरीतून केकचा रिकामा खोका मागा, दहा इंची. सी हॉक लांबीला आणि रुंदीला साधारण सारखंच, १/७२ मध्ये साडेसोळा-सतरा सेंटीमीटर. आरामात मावेल. तळाला थर्माकोल चिकटवा, त्यावर विमान ठेवा आणि पंखांच्या पुढे-मागे, शेपटीच्या दोन्ही बाजूंना टूथपिक खोचा. विमान पुढे, मागे, बाजूला कुठेच सरकता कामा नये, पण कशाने दाबलेलंही नको. वरून शिवणाच्या दोऱ्याचा एक सैल फास. बबल रॅप अजिबात नको. त्यातून विमान नीट बाहेर येतं, पण ॲंटेना आतच राहते.

रॅकवर ठेवू नका. कोणीतरी वरून भाजीची पिशवी ठेवतोच. चढताना खोका छातीशी, बसल्यावर मांडीवर. मी १/४८ मिग-२१ चौथ्या सीटवर बसून नेलंय. घाटकोपरला एकाची सॅक फिरली आणि नाकापुढचा लांब पिटो, म्हणजे हवेचा वेग मोजायची नळी, गेला. तेव्हापासून पिटो इंजेक्शनच्या सुईचा करतो आणि हॉलवर पोचल्यावर लावतो.

आणि रविवार आहे हे विसरू नका. मेगाब्लॉक बघून निघा.

रंग उडालेला

माझं मत वेगळं आहे, रागावू नका. मी चार वर्षं नियमित गेलो, आता जात नाही. नवीन माणसाने मॉडेल ठेवलं की दोन मिनिटांत कोणीतरी येऊन सांगतो, हा करडा या वर्षी वापरातच नव्हता. अरे बाबा, ज्याने लावलाय त्याला आधी विचार तरी की रंग बसवला कसा! उरलेला वेळ कोणाकडे किती न उघडलेली खोकी पडली आहेत आणि कस्टमने किती कापले यावर. माझ्या एका टी-५५ रणगाड्यावर वीस मिनिटं चर्चा झाली, त्यातली अठरा मिनिटं सर्चलाइट डावीकडे की उजवीकडे यावर. घरी निवांत बसून बांधा. कुणाला दाखवायचं असेल तर बाबा आहेतच की.

सातशेत एक

रंग उडालेला, तुमची तक्रार खोटी नाही. ती अठरा मिनिटं मीही ऐकली आहेत. पण तुम्ही पूर्ण झालेलं मॉडेल ठेवलं होतंत. पूर्ण झालेल्यावर माणसं दुसरं करणार तरी काय? एक तर वा म्हणणार, नाहीतर चूक काढणार. म्हणून आता आम्ही दोन टेबलं वेगळी लावतो, खिडकीपाशी चालू कामं आणि भिंतीपाशी झालेली. सगळी गर्दी खिडकीपाशी असते. वडे भिंतीच्या टेबलाशेजारी असूनही.

फडके रोडवाले दादा, तुमचं विमान खिडकीपाशीच ठेवा. तिन्ही दुखणी बरी होणारी आहेत.

काच पांढरी होते ती फेविक्विकच्या वाफेने. वाफ बंद जागेत अडकते आणि काचेवर तिची साय धरते. काच निघाली तर पुसून निघेल. काढायला नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका हं. त्यात ॲसिटोन असतं, काचेबरोबर विमानही विरघळेल. विमान तासभर फ्रिझरमध्ये ठेवा. फेविक्विक थंडीत ठिसूळ होतं, मग ब्लेडचं टोक फटीत घालून हलकं उचललं की टक् करून निघतं. पुन्हा लावताना साधा फेव्हिकॉल. तो वाळला की पारदर्शक होतो आणि वाफ सोडत नाही.

चक्रांभोवतीची चकाकी म्हणजे खाली अडकलेली हवा. तुम्ही मॅट रंगावर डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची ती चित्रं, लावले असणार. मॅट म्हणजे खडबडीत, त्या खळग्यांत हवा राहते. आधी ग्लॉस मारायचा, मग डिकल, मग वरून मॅट. आता झालंय त्याला सुईने बारीक टोचून डिकल मऊ करायचं द्रावण सोडायचं. बाटली माझ्याकडे आहे, आणते.

पण एक विनंती. वरून मॅट स्प्रे मारायची घाई जुलैत करू नका. थिनर उडतं तेव्हा पृष्ठभाग थंड पडतो आणि आपल्याकडच्या या दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं. सगळं विमान भस्म फासल्यासारखं पांढरं होतं. माझी एक फ्रिगेट (युद्धनौका) तशी गेली आहे. रविवारी तिची समाधी दाखवीन.

शेपटीचं तिथेच बघू. काच काढून आलात तर फार बरं.

फडके रोडवाला

जाऊन आलो. सगळं लिहितो, लांबेल.

शनिवारी रात्री विमान फ्रिझरमध्ये ठेवलं, मटारच्या पिशवीवर. मुलगी आइस्क्रीम काढायला गेली आणि तिथूनच ओरडली, "आई, बाबांचं विमान एव्हरेस्टवर पडलंय!" तासाभराने ब्लेड लावलं. टक् आवाज आला तेव्हा मला वाटलं काच फुटली. फुटली नव्हती, अखंड निघाली.

रविवारी अर्थातच मेगाब्लॉक होता. गाडी आली ती आधीच भरलेली. पाऊस तिरका, दरवाज्यातले सगळे आत सरकलेले, आणि मी केकचा खोका छातीशी धरून मध्ये. गुडघा बघून एकाने जागा दिली. समोरच्या बाई ठाण्यापर्यंत खोक्याकडे बघत होत्या. शेवटी विचारलं, "कोणाचा वाढदिवस?" म्हटलं, वडिलांचा. "किती वर्षांचे?" सत्त्याहत्तर. "अय्या! आज का?" म्हटलं, फेब्रुवारीत. त्यावर त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या.

हॉल एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर. मी गेलो तेव्हा नऊजण होते, नंतर चौदा झाले. चहा-वड्याचे ५० रुपये एका स्टीलच्या डब्यात टाकायचे, हिशोब कोणी बघत नाही. मॉडेलच्या टेबलावर खायचं नाही हा एकच लेखी नियम, आणि तो कोणीतरी डिकलच्या अक्षरांनी पुठ्ठ्यावर लिहिलाय. त्यातला 'N' उलटा लागलाय. तो बघून माझा अर्धा ताण गेला.

खिडकीपाशी खोका ठेवला. झाकण उघडलं. वा-बी कोणी म्हणालं नाही. एका काकांनी चष्मा कपाळावर चढवला, खिशातून दुसरा काढून घातला आणि विमान उचलून सरळ उताणं केलं. नंतर लक्षात आलं, ही मंडळी मॉडेल हातात आलं की आधी पोट बघतात. चाकांच्या खोबणी, जोडाची रेघ, तिथे माणूस कळतो म्हणे. माझ्या पोटाची रेघ त्यांनी अंगठ्याच्या नखाने शेपटीपर्यंत चाचपली आणि म्हणाले, "घासलंयत बरं. मग वर का नाही घासलंत?" वर मी कंटाळलो होतो. तसं सांगितलं. "मीही कंटाळतो," म्हणाले, आणि एक जीर्ण झालेला ६०० नंबरचा पॉलिश पेपर हातात दिला. नवा नव्हे, मुद्दाम वापरलेला. नवा ओरखडे पाडतो.

मग शेपटीचा प्रश्न. चौथी सीट हे गृहस्थ माझ्याहून धाकटे निघाले, तिशीतले. त्यांनी विमान मागच्या दोन चाकांवर ठेवलं आणि नाकावर ब्लू टॅकने रुपयाचं नाणं चिकटवलं. हललं नाही. दुसरं चिकटवलं. विमानाने जरा विचार केला आणि नाक खाली टेकवलं. एवढंसं काम, पण चारजण वाकून बघत होते आणि नाक टेकल्यावर एकाने "आलं!" म्हटलं, विमानतळावर पाहुणा दिसल्यासारखं. सराफी छोटा काटा कोणाच्या तरी बॅगेत होताच. दोन नाण्यांपेक्षा जरा जास्तच शिसं तोललं, कारण आत बसवताना ते नाकाच्या टोकापासून थोडं मागे राहणार. शिसं मासे पकडायच्या गळाचं, पक्कडीने चेपून तुरीच्या दाण्याएवढे तुकडे केलेले. काच निघालेली असल्याने खुर्ची उचकटता आली. खुर्चीच्या जागेतून एकेक तुकडा चिमट्याने पुढे सारायचा, मागून पातळ फेविक्विकचा थेंब. नऊ तुकडे गेले. दहावा आत घरंगळला आणि शेपटीत जाऊन बसला. अजून तिथेच आहे. विमान हलवलं की खुळखुळतं.

काच पुसून ॲक्रिलिक ग्लॉस वॉर्निशमध्ये बुडवायला 'सातशेत एक' ताईंनी शिकवलं. चिमट्याने कडेला धरायची, बुडवायची, टिश्यूच्या टोकाने खालचा थेंब ओढून घ्यायचा आणि धूळ बसू नये म्हणून वर वाटी उपडी घालायची. वाटी चटणीची होती, धुऊन घेतली. वीस मिनिटांनी उचलली तर पांढरेपणा गेलेला. आतला डॅशबोर्ड मी मेहनतीने रंगवला होता हे मीच विसरून गेलो होतो.

आता ताईंच्या टेबलाबद्दल. त्या जहाजं करतात, १/७०० मध्ये, आणि सध्या विक्रांत चालू आहे. किटमधून नव्हे, प्लास्टिकचे पत्रे कापून. मी विचारलं केवढं होणार? त्यांनी शाळेची फूटपट्टी टेबलावर ठेवली. "जहाज सातशे फूट. सातशेने भागा." बरोबर एक फूट! हे गणित इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. त्या डेकवर माझं सी हॉक किती होईल म्हटलं, तर नखाएवढं. पंख मिटलेली अशी सहा त्यांनी केली आहेत, प्रत्येकाला दोन दिवस लागले. फ्रिगेटची समाधीही पाहिली. खरंच भस्म फासलंय.

त्यांना म्हटलं, बाबा होते विक्रांतवर. त्या चिमटा खाली ठेवून माझ्याकडे वळल्या. "डेकवर?" म्हटलं माहीत नाही, विमानाचंच काहीतरी असणार. त्या म्हणाल्या, घरी जाऊन विचारा. मला एकदम लाज वाटली. पाच महिने मी ते विमान बांधतोय आणि त्यांचं नेमकं काम काय होतं हे विचारलंच नव्हतं. नौदल, विक्रांत, १९७१ एवढं आमच्या घरात भिंतीवरच्या फोटोसारखं होतं. रोज दिसतं म्हणून कोणी बघत नाही.

रंग उडालेला यांना: सर्चलाइटवाले काका मला भेटले. माझ्या करड्या रंगावर त्यांनी मुद्दा काढलाच, जरा जास्त निळा झालाय म्हणाले. मग स्वतःच्या डब्यातून अर्धी बाटली काढून दिली. त्यांनी तुमची आठवण काढली. तो टी-५५ कुठे गेला विचारत होते.

एक चौदा वर्षांचा मुलगा होता, आईबरोबर आलेला. त्याने १/३५ रणगाड्याची साखळी उलटी बसवली होती. त्याचं मी सांगू शकलो, कारण सूचनापत्रक न वाचल्याने काय होतं या विषयात माझा अभ्यास आहे.

संध्याकाळी घरी आलो. खोका बाबांसमोर ठेवला. त्यांनी झाकण उघडलं, बघितलं, बोटाने नाकावर टिचकी मारली. बसलं ते बसलंच. मग मी विचारलं, "बाबा, तुम्ही याच्यावर नेमकं काय करायचात?"

"याच्यावर? काही नाही. मी खाली बॉयलर रूमला होतो. हे विमान मी वर जाऊन किती वेळा पाहिलं असेल ते बोटांवर मोजीन."

मी गप्प. पाच महिने!

मग म्हणाले, "पण उडवायचो आम्हीच." आणि सुरू झाले. मी आजवर हे ऐकलेलं नव्हतं. विमान डेकवरून फेकायचं कॅटपल्ट वाफेवर चालायचं. ती वाफ खालून जायची. त्या वर्षी चारपैकी एका बॉयलरला तडा होता, म्हणून जहाजाचा वेग आधीच कमी, त्यात कॅटपल्टला वाफ पुरवायची. वर विमान सुटलं की खाली दिसायचं काही नाही, धप्प असा हादरा यायचा आणि वाफेच्या दाबाचा काटा खाली यायचा. ते काटा बघून मोजायचे किती गेली. परत उतरायची तेव्हाही धप्प, पण वेगळा. "तो आवाज आला की बरं वाटायचं."

मुंबईत विक्रांतचं संग्रहालय होतं तेव्हा मी त्यांना घेऊन गेलो होतो. तिथे ते डेकच्या पुढच्या टोकाशी बराच वेळ खाली बघत उभे होते आणि मला वाटलं होतं दमले असतील. आता कळलं. सी हॅरियरसाठी पुढे चढाव बांधला तेव्हा कॅटपल्ट काढून टाकलं होतं. ते त्याची खाच शोधत होते.

जेवण झाल्यावर जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून त्यांनी ती खाच काढली. मध्ये फट, फटीत सरकणारा ठोकळा, ठोकळ्यापासून विमानाच्या पोटाला जाणारी दोरी. आणि फटीच्या पूर्ण लांबीभर पेन्सिलीने आडवं गिरगटलेलं, ते काय म्हटलं तर "वाफ. ती गळायचीच." मग माझं विमान उचलून त्या कागदावर ठेवलं. खुळखुळलं. "आत काय आहे?" म्हटलं, दहावा तुकडा. "राहू दे," म्हणाले.

तर आता डेकचा एक तुकडा करायचा आहे, त्या खाचेसकट. ऑगस्टच्या बैठकीला बाबांना घेऊन येतोय. जिना किती पायऱ्यांचा आहे ते मी मोजलं नाही, कोणी सांगेल का? आणि वाफ कशाची करतात? घरात देवाचा कापूस आहे.

सातशेत एक

पायऱ्या बावीस, मध्ये वळणावर टेकायला बाक आहे. खुर्ची खाली आणून ठेवू, घाई नाही.

कापूस नको, या हवेत दोन दिवसांत बसतो. उशीतला फायबर घ्या, चिमटीभर, आणि जमेल तितका विंचरून विरळ करा. आहे त्याच्या निम्मा झाला की पुन्हा निम्मा करा. आणि ते कॅलेंडरचं पान दुमडू नका. मला माझ्या डेकसाठी हवंय.

रंग उडालेला

टी-५५ माळ्यावर आहे. ऑगस्टचा तिसरा रविवार ना?